विमान वेळेवरच आलं होतं

मी मूळचा देवगडकडचा, पण जन्म सगळा अंधेरीत गेला, मरोळच्या चाळीत. सहारला विमानांचं सामान उतरवायचो. विमानात कधी बसलो नाही, पण चाळीत विमानाचं काही निघालं की गणपतला विचारा. मीपण सांगायचो हो, दुबईला इतके तास, लंडनला इतके, बायको म्हणायची, स्वतः चालवून आल्यासारखं सांगता.

ऐंशीनंतरची गोष्ट. मे महिन्यात शेजारची आनंदीवहिनी गेली. एकुलता मुलगा सुधाकर न्यूयॉर्कला. मंगळवारी सकाळी वाण्याच्या दुकानात त्याचा फोन आला, आता विमानात बसतोय, माझ्यासाठी थांबा, आणि लाइन तुटली. वहिनीचा दीर भिकाजी, त्याच खोलीत राहायचा, साधा माणूस, मला म्हणाला, गणपत, किती लांब रे ते, कधी पोचेल पोर? तू सांगशील तसं करू. बर्फाच्या लाद्या वितळत होत्या. काय सांगू तुम्हाला, ते विमान तिथून सोमवारी संध्याकाळी सुटतं आणि इथे बुधवारी पहाटे उतरतं, हे मला पाठ, म्हणजे प्रवास दीड दिवसाचा, असा माझा हिशोब. आत्ता निघाला तर बुधवारची रात्र होणार, मी सांगून टाकलं. भिकाजी परत परत विचारतोय, नक्की ना रे? मी म्हटलं, त्या विमानाच्या बॅगा मी उतरवतो, मला शिकवतोस?

आपल्याकडे सकाळ तेव्हा तिथे आदली संध्याकाळ असते, हे डोक्यातच आलं नाही. तो त्याच सोमवारच्या विमानात बसला होता. एवढा वेळ कसं ठेवायचं, म्हणून दिवस मावळताना भिकाजीने अग्नी दिला. वहिनी गेली त्या जागी दिवा लावून पीठ पसरलं, आमच्यात पसरतात, सकाळी बघायचं त्यात कसलं पाऊल उमटलं, जीव कुठल्या जन्माला गेला.

पहाटे दार ढकलून सुधाकर आत आला. आई गं, एवढंच म्हणाला, आणि पुढे धावला तो सरळ पिठात. आम्ही जमलो तर पिठात त्याच्या बुटाचा ठसा. एक म्हातारी पुटपुटली, जीव पोराकडेच गेला गं तिचा.

तो म्हणाला, काका, एक रात्र जड झाली तुम्हाला? भिकाजीने माझ्याकडे बघितलं. मला फक्त तोंड उघडायचं होतं. उघडलं, आणि म्हटलं काय, तर आज विमान लवकर आलं असेल. सुधाकर म्हणाला, नाही, वेळेवरच आलं. मग काकाला म्हणाला, खोलीची घाई झाली होती ना? ते चाळीत पसरलं ते पसरलंच. भिकाजीने माझं नाव घेतलं नाही, मरेपर्यंत घेतलं नाही. तो गेला तेव्हा सुधाकर आला नाही.

आता मी मुलाकडे दिंडोशीला असतो. पहाटे विमानाचा आवाज आला की उठतो, आधी फरशीकडे बघतो. सुनेच्या हातून पीठ सांडलं तर ती म्हणते, राहू द्या बाबा, मी पुसते, पण मला ते बघवत नाही, मीच पुसतो.

सुधाकर, बाळा, जिथे असशील तिथे सुखी राहा. मला काय बोलायचं ते बोल. पण तुझा काका थांबणार होता रे.