बोटभर खोल

(जपान, १९५३. डोंगरातल्या गावात पाथरवट गेन्साकुचं अंगण. मध्ये युद्धात गेलेल्या गावच्या पोरांच्या स्मारकाचा दगड आडवा. तुरुंगातून सुटून आलेले जनरल कुसाका त्याच्यापाशी उभे.)

कुसाका : नाव निघणार नाही म्हणजे काय? पाथरवट ना तू?

गेन्साकु : आहे म्हणूनच सांगतोय, साहेब. बोटभर खोल गेलंय. हजार वर्षं टिकलं पाहिजे, हा तुमचाच हुकूम.

कुसाका : अरे, एका बाकावर बसायचो आपण. हुकूम कसला?

गेन्साकु : बसायचो की. मग तुम्ही घोड्यावरून आलात आणि मास्तरांसकट सगळं गाव वाकलं. कोळसेवाल्याचा पोरगा जनरल झाला! आनंदाने रडलो होतो मी.

कुसाका : म्हणून तर म्हणतो, घासून टाक. वर माझं नाव नि खाली एकतीस पोरं. बघवत नाही रे.

गेन्साकु : दगड उभा केला तेव्हा चारच होती. खाली भरपूर जागा सोड, असंही तुम्हीच म्हणालात. हरल्यावर गावाने अमेरिकनांच्या भीतीने हा पुरला. मी उकरून काढला, तो काही तुमच्यासाठी नाही. सोळावं नाव वाचा.

कुसाका : ...यासुके.

गेन्साकु : माझा थोरला. शूरासारखा पडला, असं पत्र तुमच्या सहीने आलं.

कुसाका : पडला नाही तो. भुकेने गेला. माझी फौज होती त्या जंगलात बहुतेक तसेच गेले. मागे फिरू द्या म्हणून तीनदा निरोप आला. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं.

गेन्साकु : का पण?

कुसाका : टोकियोत माझं मोठं पद ठरत होतं. माघार घेणाऱ्याला कोण देणार?

गेन्साकु : त्याची आई रोज त्याच्या फोटोपुढे भात ठेवते. पोटभर. मी हसायचो तिला.

कुसाका : शिव्या घाल मला. मार हवं तर.

गेन्साकु : त्याने काय होणार? आणि तुमचं नाव घासायला गेलो, तर दगड पातळ होईल, पहिल्याच थंडीत तडकेल. पोरं पुन्हा जातील तुमच्यापायी. ते मी होऊ देणार नाही.

कुसाका : राहू दे मग वरचं. पण खाली त्यांच्या रांगेत, अगदी शेवटी माझं नाव लिही एकदा. हुद्दा नको. नुसतं तोकुजी, शाळेत हाक मारायचास तसं.

गेन्साकु : तिथे न परतलेल्यांची नावं आहेत, साहेब. तुम्ही परत आलात.