अण्णांनी दाखवलेलं शहर

पिंपरी-चिंचवडमध्ये बघण्यासारखं काय, हे माझ्या वडिलांना विचारायचं नसतं, राव. माझ्या मेव्हण्यानं विचारलं. शनिवार-रविवार फिरायला म्हणून नांदेडहून आला होता बिचारा.

अण्णा गाडीत पुढं बसले आणि सुरू झाले. "हे टॉवर दिसतात ना, इथं आमच्या कंपनीचं फोर्ज शॉप होतं. ते फर्निचरचं दुकान, तिथं पेंट शॉप."

"अण्णा, आत्ता जे आहे ते बघू की," मेव्हणा म्हणाला. "आणि भूक लागलीय."

मग मॉलमध्ये गेलो. अण्णा कामाला होते ती कंपनी पाडूनच तो बांधलाय. फूड कोर्टात डोसा खाता खाता अण्णा म्हणाले, "आमचं कॅन्टीन बरोबर इथं होतं."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"मजला सोडा. जागा हीच."

खाऊन झाल्यावर अण्णा जुन्या सवयीनं ताट घेऊन उठले आणि ते ठेवायची खिडकी शोधायला लागले. टेबल पुसणारा माणूस धावत आला. "राहू द्या काका, आम्ही उचलतो."

अण्णांनी ताट सोडलं नाही. "पर्मनंट की कॉन्ट्रॅक्ट?"

"कॉन्ट्रॅक्ट. यंदा पर्मनंट करतो म्हणालेत."

अण्णांनी मेव्हण्याला हाक मारली. "इकडं या पाहुणे, हे बघून घ्या. जुन्यातलं एवढंच जसंच्या तसं राहिलंय."