पूर्ण नाव आणि सहा खोल्या

लिहा, नाव बबन, गाव पाली, बिंदुसरेच्या धरणाजवळ. आडनाव मागून सांगतो, वहीत तेवढी जागा सोडा. काय सांगू तुमाला, माझी अर्धी जन्मकथा त्या जागेतच हाय.

बापानं लोकाच्या रानात राबून मला बारावी केलं आन मी माजलगावकडं एका सहकारी कारखान्यात चिटबॉय म्हणून लागलो, म्हंजे फडात जाऊन उसाच्या गाड्यांना चिठ्ठ्या द्यायच्या आन कोयते मोजायचे. कोयता म्हंजे नुसतं हत्यार न्हाई, नवरा-बायको मिळून एक कोयता. अशी माणसं मोजण्यात माझी निम्मी हयात गेली. पण राहायला खोली हुडकताना काय झालं, घरमालक चहा द्यायचा, गाव विचारायचा, मग हळूच म्हणायचा, पूर्ण नाव काय? सांगितलं की म्हणायचा, अरेरे, सकाळीच एकानं इसार दिला बघा. माजलगावात त्या साली म्या पंधरा घरं फिरलो आन पंधरा घरांचा इसार त्याच सकाळी झालेला. लई गर्दीचं गाव.

तवाच ठरवलं, आपण खोल्या बांधायच्या आन कुणाला पूर्ण नाव विचारायचं न्हाई.

मग दुष्काळ पडला, धरणाच्या तळाला भेगा पडल्या, ऊस वाळला, कारखान्याचा बॉयलर पेटलाच न्हाई. आमाला घरी बसवलं. जे हातात पडलं ते घेऊन मी पालीला आलो आन रस्त्याच्या कडंला आपली जागा होती तिथं बांधकाम काढलं. बायको, कमल, म्हणली, अहो, इथं भाड्यानं येणार कोण? म्हणलं, मी काय आंधळा हाय का, आयुष्यभर माणसं मोजलीत. आठ दिवस चहाच्या टपरीवर बसून येणारा-जाणारा मोजला. किती मास्तर, किती नर्सा, किती कंडक्टर, कोण बदलीवर आलंय, कुणाची बायको गावाकडं राहायला कंटाळलीय, समदं. नोकरदार माणूस हाय, त्याला बारा महिने खोली लागती, कोयत्यावाला निम्मं साल बाहेर, तो आपल्या कामाचा न्हाई. असा हिशेब लावून सहा खोल्या बांधल्या, आत संडास-बाथरूम, खाली पांढरी फरशी. बाहेर निळ्या अक्षरात पाटी, खोल्या भाड्याने देणे आहे.

माणसं आली की हो. मास्तर आले, मास्तरीणबाईनं नळ सोडून बघितला, खिडकीतून डोंगर बघितला, लई आवडली म्हणल्या. आन जाताना मास्तर म्हणतेत, मालक, तुमचं पूर्ण नाव काय?

हसा, हसा. मी बी हसलो. घरी विचारून सांगतो म्हणले. बायको तर संगंच होती, घरी कुणाला विचारणार हो? असे नऊ जण घरी विचारायला गेले ते अजून विचारतेतच. आपल्यातला एक साहेब आला, त्याला भाऊ म्हणून मिठी मारली, तर कानात म्हणतो, बबनराव, राग मानू नका, पोरं मोठी व्हायलीत, जरा मिसळीच्या वस्तीत राहावं म्हणतो. ते लागलं बघा. मास्तराचं न्हाई लागलं तेवढं.

समदी माणसं मोजली, एक मोजायचं राहिलं. मालक.

दोन वर्षं पांढऱ्या फरशीवर धूळ. मग दसऱ्याच्या तोंडावर लिंबागणेशकडचा एक गडी आला. म्हणला, आमी नवरा-बायको तोडणीला चाललो, पोरींची शाळा हाय, म्हाताऱ्या आईला आन दोघींना गुढीपाडव्यापस्तोर ठेवायचंय. ज्या कोयत्याला मी हिशेबातून काढलतं, तोच दारात. त्यानं बी न्हाई विचारलं, मी बी न्हाई. गरज होती दोघाला. त्याचं बघून आणखी तीन आले. आता दसरा ते पाडवा चार खोल्यांत चार आज्या, उन्हाळाभर कुलपं.

पर त्या पहिल्या गड्याची म्हातारी कमलच्या हातचा चहा घेत न्हाई. उपास हाय म्हणती. रोज रोज कसला उपास? पाणी टँकरचं भरती. यंदा चार दिस टँकर आला न्हाई, आन आमच्या बोअरला पाणी. पाचव्या दिवशी घागर घेऊन दारात उभी. मला खोड्या करायची सवय, म्हणलं, आजी, तुमचं पूर्ण नाव काय? तिनं मान खाली घातली. पदर सावरला आन हळू आवाजात बापाच्या नावासकट समदं सांगितलं. माझंच तोंड कडू झालं. घागर भरून दिली, उचलू लागलो.

तिसऱ्या दिशी तिची नात कमलला सांगती, आजी म्हणती हे पाणी टँकरचंच हाय.

असू द्या. पितेत तर खरं. पोरी शिकू द्या, त्यांचं बरं होऊ द्या.

त्या जागेचं म्हणता? राहू द्या कोरीच, वाचणारा आपल्या मनानं भरतोच. आन तुमाला कधी लागलं तर या, दोन खोल्या अजून रिकाम्या हायत. सकाळपासून बसलाव, दोनदा चहा घेतलाव, तुमचं पूर्ण नाव मी विचारलं का?