साबणवाला वाफा

(दोन हजार सोळा साल. लिंबू-संत्र्यांच्या रोपवाटिकेतली छपरी. प्रयोगशाळेत काम करणारी भाची सकाळीच येऊन पोचली आहे.)

भाची : हात मागे घे, आत्या! ते पान चुरगळू नकोस.

आत्या : अगं, वास घेतल्याशिवाय रोपाची जात कळणार कशी? तीस वर्षं या नाकानंच तर घर चालवलं.

भाची : आणि त्याच बोटांनी पुढच्या रोपाला हात लावलास. मागे वळून बघ. तू रोज जशी फिरतेस, तसाच हा खैऱ्या रोग पसरलाय.

आत्या : हे ठिपके? मला वाटलं, उन्हाचे.

भाची : उन्हाचे ठिपके असे खरखरीत लागतात होय? कडेचं पिवळं वलय बघ.

आत्या : म्हणजे मीच... माझ्याच हातांनी पसरवला?

भाची : शेती खात्याचे तपासनीस येतीलच. खैऱ्या दिसला की कुंपणाच्या आतलं सगळं जाळतात. पण त्या कोपऱ्यातल्या वाफ्यावर एक ठिपका नाही.

आत्या : तो साबणवाला? न्हाणीघरासारखा वास येतो मेल्याला. गिऱ्हाईक फिरकत नाही.

भाची : त्या वासाचं द्रव्य पानात जास्त असलं की खैऱ्याचे जंतू वाढायला कचरतात. आम्ही पाहिलंय. रोगट हात लागूनही तो तगला, एवढंच सांग. तेवढा तरी तपासणीसाठी राखतील.

आत्या : पण मी त्याला कधी शिवलेच नाही गं. लांबूनच नाक मुरडायचे.

भाची : हे त्यांच्यासमोर बोलू नकोस. आलेच बघ... या साहेब. तो कोपऱ्यातला वाफा बघा, रोगट हात लागूनही निरोगी आहे.

तपासनीस : कुणाचा हात?

भाची : आत्याचा. रोजचा.

तपासनीस : खरं का, बाई?

आत्या : नाही, साहेब. कधीच लावला नाही.

भाची : आत्या, अगं!

आत्या : उद्या हीच रोपं कुणाच्या तरी बागेत जातील. वासानं वाचलीत की माझ्या नाक मुरडण्यानं, मला काय ठाऊक?

तपासनीस : मग तोही जाळावा लागेल. यंदा इथून रोपं बाहेर गेली?

भाची : छे! एकसुद्धा नाही.

आत्या : तू गप्प बस. गेलीत, साहेब, दोन बागांत. लिहून घ्या. पहिली बाग माझ्या भावाची. हिच्या वडिलांची.