छोट्या गाडीतला काळापांढरा फोटो

आपल्या सलीमचा पहिला डिजिटल कॅमेरा आठवतो ना? मूर्तिजापूर-अचलपूरच्या छोट्या गाडीत, त्या नॅरोगेज रेल्वेत, तो लोकांच्या नकळत त्यांचे फोटो काढायचा. तेव्हा पेपरात रोज वऱ्हाडाचं दुःखच छापून यायचं. आपल्याही फोटोत तसंच दुःख दिसावं म्हणून यानं खिडकीतल्या एका म्हातारीचा फोटो कॉम्प्युटरवर काळापांढरा केला, बाजूला बसलेला तिचा नवरा कापला आणि पुढच्या फेरीत मोठ्या कौतुकानं फोटो तिच्या हातात दिला.

म्हातारा बघताच तडकला. "अबे, पोपटी लुगडं नेसून नातवाच्या बारशाले चालली होती थे! तू तिले पांढरं काहून नेसवलं? मी जित्ता आहो ना अजून!"

सलीमनं घरी जाऊन रंग परत आणला, म्हाताऱ्यालाही आणलं.

आता ती गाडी बंद आहे, म्हाताराही गेला. म्हातारीच्या भिंतीवरच्या फोटोत मात्र लुगडं अजून पोपटीच आहे.