काठीच्या मापाचं दार

घरं वाटणाऱ्या साहेबांनो, बेडरूममध्ये माणूस मावेल एवढा वाकडा कोनाडा ठेवलात, पण न्हाणीघर विसरलात! मंजुळाबाई मेंढ्यांमागची काठी घेऊनच क्रांती चौकातल्या दारांच्या दुकानात शिरली.

"गोकुळभाऊ, त्या कोनाड्याचंच न्हाणीघर करतेय, दार पायजे. काठीवरची खालची खूण तळाची रुंदी, वरची माथ्याची."

"मावशी, टेप नव्हता?"

"रानात पालाचा तंबू ठोकायला मापाला हीच लागायची. कधी चुकली नाय."

"बाहेर उघडणारं बेडरूममधल्या पलंगाला अडंल."

"आत उघडलं तर आतल्या पाण्याच्या ड्रमाला!"

"मग सरकतं घ्या. वाकडेपणबी झाकंल."

"लई झ्याक! उभा जन्म पालात गेला, भाऊ. आता माझी सून कडी लावून न्हाणार!"

"आजच बसवतो."

"बसवा. पर नळ दर दहा दिसांनी येतोय, ड्रम चार दिसांत संपतोय. त्या साहेबांना इचारा, ती न्हाणार कशानं?"