मूळचं इंजिन

...आणि वर मलाच विचारतात, ऐकलंतच कशाला? अहो, डोळे मिटता येतात, पण कान मिटता येत नाहीत! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले, जुना कुठलाही ट्रॅक्टर वळणाआड असला तरी नुसत्या आवाजावरून ओळखतो, आणि ह्याच कानांनी माझ्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली.

मुलगा चांगला, मुलीला पसंत, म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं, आम्हाला सगळ्यात शेवटी कळलं, ते जाऊ द्या... आम्ही त्यांच्याकडे गेलो, चहा झाला आणि होणारे व्याही म्हणाले, "चला, आमच्या वडिलांचा ट्रॅक्टर दाखवतो. साठ वर्षांचा, पण इंजिन मूळचं." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला होता, नाही असं नाही.

शेडमध्ये ट्रॅक्टर पुसूनबिसून उभा. त्यांनी सुरू केला. आता त्या जातीचं इंजिन कसं, लंगडत चालतं, धडक्-धड... धडक्-धड... गुडघा धरलेल्या माणसासारखं. आणि हे? ठक-ठक-ठक-ठक, एकसारखं. हे तर पाण्याच्या पंपाचं! मी गप्प. शपथेवर सांगतो, गप्प. पण तेच जवळ येऊन म्हणतात, "काय, ओळखलंत ना?" कान मिटता येत नाहीत, पण तोंड मिटता आलं असतं, हे बायको रोज ऐकवते. मी म्हणालो, "बदललंय हो कुणीतरी."

त्यांनी इंजिन बंद केलं. "माझ्या वडिलांनी मरेपर्यंत ह्याला कुणाला हात लावू दिला नाही. म्हणजे ते खोटं बोलले?" परतताना मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, हो म्हणायला काय जात होतं?" दुसऱ्याच दिवशी नकार. आता ती माझ्याशी कामापुरतं बोलते. पलीकडच्या खोलीत रडते, आणि कान मिटता येत नाहीत.

परवा त्यांचा फोन. "इंजिन उघडलं. नंबर कागदांशी जुळत नाही. तुमचं खरं होतं." मी आशेनं खुर्चीतून उठलोच. तर म्हणतात, "एक जुना ट्रॅक्टर घेतोय, ऐकायला याल?" गेलो. तासभर ऐकला. शेवटी धीर करून विचारलं, "मग... मुलांचं?"

"त्याचं ठरलं की दुसरीकडे. ते असू द्या, हा घेऊ ना?"

घ्या म्हटलं. इंजिन मूळचं होतं, काय करणार...